ओरगडमची बदली आणि लहान मुलांसाठी घराची निवड

चाकण, रांजणगाव, तळेगाव किंवा नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात वाहनउद्योगात काम करणाऱ्यांच्या नोकरीत चेन्नईची बदली कधीतरी येतेच, आणि ती बहुतेकदा चेन्नई शहरातली नसून ओरगडमची असते. ओरगडम हे कांचीपुरम जिल्ह्याच्या श्रीपेरुंबुदूर तालुक्यातले गाव आहे. आपल्याकडे जे काम एमआयडीसी करते ते तमिळनाडूत ‘सिपकॉट’ करते, आणि सिपकॉटच्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत ओरगडमची गणना होते. रेनो-निसानचा कारखाना इथे २०१० मध्ये सुरू झाला, डाइमलरचा ट्रकचा कारखाना २०१२ मध्ये आणि रॉयल एनफील्डचा २०१३ मध्ये. अपोलो टायर्सही इथेच आहे, शेजारच्या वल्लम वडगालला यामाहा आहे आणि श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई आहे. ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये केल्यापासून तळेगाव आणि श्रीपेरुंबुदूर एकाच कंपनीच्या नकाशावर आले आहेत.

बदलीचा कागद हाती पडला की घरात पहिल्यांदा आठवतो तो समुद्र. मुलांना रोज समुद्र दिसेल, हवा चांगली मिळेल, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात ओरगडमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीस किलोमीटरहून लांब आहे आणि वाटेत महामार्ग, रेल्वे, तलाव आणि आयटी कंपन्यांची गर्दी आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या शहरात मुलांना घेऊन जाताना घर समुद्रापासून किती लांब आहे, याला फारसे महत्त्व नाही. घरापासून शाळा किती लांब, पावसाचे पाणी कुठे साठते आणि नळाला कसले पाणी येते, या तीन गोष्टींवर मुलांचे रोजचे जगणे ठरते.

घर शोधण्याआधी एक खबरदारी घ्यावी. चेन्नईत ओरगडम नावाचा दुसरा भाग अंबत्तूरमध्ये, शहराच्या वायव्येला आहे. घरांच्या जाहिरातींत नुसते ‘ओरगडम’ एवढेच लिहिलेले असते. ते पाहून पुण्यात बसून आगाऊ रक्कम भरली, तर कारखान्यापासून दीड-दोन तासांवरचे घर गळ्यात पडू शकते. पिन कोड आणि जिल्हा पाहिल्याशिवाय पुढे बोलणी करू नयेत.

किनाऱ्यावरच्या शहरांत चेन्नईचे स्थान

नोकरीत दोन-तीन शहरांतून निवड करण्याची मुभा असेल, तर किनारपट्टीची शहरे एकसारखी नाहीत हे आधी ध्यानात घ्यावे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, आणि मराठी घराचे सगळे वेळापत्रक त्या पावसाभोवती बसलेले असते. कोचीला नैऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. विशाखापट्टणम देखणे शहर आहे, पण चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ थेट त्याच्यावरच आदळले. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. वर्षाचा एकूण पाऊस साधारण १४०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा बराच कमी, पण त्यातला मोठा वाटा या तीन महिन्यांत आणि कधीकधी तीन-चार दिवसांत कोसळतो. जमीन सपाट आहे, त्यामुळे पाणी वाहून जायला वेळ लागतो. इतर बाबतींत लहान मुलांसाठी चेन्नई चांगले शहर आहे. बालरुग्णांसाठीच्या इस्पितळांत त्याच्या तोडीची शहरे देशात थोडी आहेत, शाळा भरपूर आहेत आणि सार्वजनिक वाहतूक अंगवळणी पडायला सोपी आहे. घर निवडताना फक्त पाण्याचा विचार पक्का करावा लागतो.

घर कुठे घ्यावे

ओरगडम दोन रस्त्यांच्या चौकात आहे. वंडलूर–वालाजाबाद रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि सिंगपेरुमाल कोविल–श्रीपेरुंबुदूर रस्ता उत्तर-दक्षिण. पूर्वेला साधारण वीस किलोमीटरवर वंडलूर आणि त्याच्या पुढे तांबरम, दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर सिंगपेरुमाल कोविल, तर उत्तरेला श्रीपेरुंबुदूर. वंडलूर, उरपाक्कम, गुडुवांचेरी, पोत्तेरी, मरैमलै नगर, सिंगपेरुमाल कोविल ही सगळी स्थानके तांबरम–चेंगलपट्टू या उपनगरी रेल्वेमार्गावर आहेत. ओरगडमला मात्र रेल्वे नाही. घराची निवड याच भूगोलावर ठरते.

मूल तीन वर्षांखालचे असेल आणि आईवडील दोघेही त्याच पट्ट्यात नोकरी करत असतील, तर कारखान्याजवळ राहणे उत्तम. ओरगडम आणि पडप्पै परिसरात आता मोठ्या गृहसंकुलांत घरे मिळतात. मुंबईकरांना परिचित असलेल्या हिरानंदानींचेही इथे संकुल आहे. मूल आजारी पडले तर अर्ध्या तासाच्या आत घरी पोचता येणे, हे या वयात इतर कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचे आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कायद्यानुसार पाळणाघराची सोय करावी लागते. बदली स्वीकारण्याआधी हे पाळणाघर कारखान्यात आहे की दुसऱ्या कुणाबरोबर सामायिक आहे, आणि दुसऱ्या पाळीत ते उघडे असते का, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारून घ्यावे.

मूल शाळेत जाणारे असेल तर गणित बदलते. शाळा, डॉक्टर, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, खेळाचे शिक्षक हे सगळे वंडलूर ते चेंगलपट्टू या रेल्वेपट्ट्यात जास्त आहे. कंपनीच्या बसही बहुधा याच पट्ट्यातून धावतात. इथे घर घेतले तर नोकरी करणाऱ्याला रोज दोन्ही वेळेला अर्धा ते पाऊण तास प्रवास पडतो, मुलाला मात्र दहा-पंधरा मिनिटांत शाळा मिळते. मोठ्या माणसाने प्रवास सोसावा आणि मुलाचा वाचवावा, हा क्रम बरा. सहा वर्षांचे मूल रोज दोन तास बसमध्ये बसले की त्याचे खेळणे, झोप आणि भूक तिन्ही बिघडतात. परनूरजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीत घरे आणि शाळा एकाच आवारात आहेत आणि तिथून ओरगडम जवळ पडते. भाडे मात्र आजूबाजूच्या गावांपेक्षा चढे असते.

जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर किंवा पूर्व किनारा रस्त्यावर समुद्र दिसणारे घर घेऊन ओरगडमला नोकरी करण्याचा बेत टाळावा. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण वाटेत केळंबाक्कम, वंडलूर आणि जीएसटी (ग्रँड सदर्न ट्रंक) महामार्ग ओलांडावे लागतात. जोडीदाराची नोकरी जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या आयटी कंपनीत असेल, तर वंडलूर किंवा त्याच्या आसपासचे घर दोघांच्या मध्ये पडते. शहराच्या उत्तरेकडचा एन्नूर-मणली भाग घरे स्वस्त म्हणून पाहिला जातो. तिथे औष्णिक वीज, तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने दाटीने आहेत. २०२३ च्या डिसेंबरात एकाच महिन्यात तिथे खाडीत तेल पसरले आणि खतकारखान्याच्या समुद्रातल्या नळातून अमोनिया गळला. लहान मुलांसाठी तो भाग योग्य नाही.

आणखी एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. ओरगडम आणि श्रीपेरुंबुदूर कांचीपुरम जिल्ह्यात आहेत. वंडलूर, तांबरम, गुडुवांचेरी, सिंगपेरुमाल कोविल २०१९ मध्ये वेगळ्या झालेल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात येतात. पावसाळ्यात शाळांना सुट्टी जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यापुरती जाहीर करतात, पुष्कळदा सकाळी सहा-सात वाजता. त्यामुळे चेंगलपट्टूत मुलाची शाळा बंद आणि कांचीपुरमात कारखाना चालू, असे पावसाळ्यात घडते. घरात तिसरे मोठे माणूस नसेल, तर अशा सकाळी मूल कुठे ठेवायचे याची सोय ऑक्टोबरच्या आधी शेजारी लावून ठेवावी.

पुराचे पाणी

चेन्नईत घर पाहताना सर्वांत जास्त वेळ या एका गोष्टीला द्यावा. १ डिसेंबर २०१५ च्या पावसात तांबरमला २४ तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४ सेंटिमीटर पडला होता, त्याच्या निम्म्याने. पण इथे त्याच्यासोबत चेंबरम्बाक्कम तलावाचे दरवाजे उघडले गेले आणि अड्यार नदी शहरात शिरली. पश्चिम तांबरम, मुडिचूर, वरदराजपुरम, मणपाक्कम हे भाग पाण्याखाली गेले. यातले मुडिचूर आणि वरदराजपुरम ओरगडमच्या वाटेवर आहेत, घरे नवी आणि भाडे बेताचे असते, म्हणून बदलीवर आलेल्यांना तिथलीच घरे आधी दाखवली जातात. अड्यार नदी मणिमंगलम-आदनूर भागातल्या तलावांच्या पाण्यातून तयार होते, आणि हे भाग तिच्या अगदी वरच्या टप्प्यात येतात. २०२३ च्या डिसेंबरातल्या मिचाँग वादळात मुडिचूरला पुन्हा पाणी भरले. वेळचेरी, पळ्ळिकरणै आणि पेरुंबाक्कम हे भाग पळ्ळिकरणैच्या दलदलीला लागून आहेत, तेही बुडाले.

कांचीपुरम आणि चेंगलपट्टू हे दोन्ही जिल्हे पूर्वापार तलावांचे. इथल्या तलावाला ‘एरी’ म्हणतात. एका एरीचे जादा पाणी पुढच्या एरीत जाईल अशी साखळी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली आहे. नवी वसाहत या साखळीच्या वाटेत उभी राहिली तर पाणी जुन्या वाटेनेच येते. म्हणून घराच्या परिसराचे उपग्रहचित्र पाहावे. जवळ एरी असेल तर तिचा बांध आणि तिचा सांडवा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. बांधाच्या मागे उंचावर असलेले घर चालेल, सांडव्याच्या खालच्या बाजूचे नको.

प्रत्यक्ष घर पाहताना दलालाच्या बोलण्यापेक्षा भिंती जास्त सांगतात. कुंपणाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, झाडांच्या मागे, जिथे रंग पुन्हा दिलेला नसतो तिथे गढूळ पाण्याची आडवी रेघ राहिलेली असते. विजेचे मीटर छातीच्या उंचीच्या वर नेलेले असतील, पाण्याची मोटार विटांच्या उंच चौथऱ्यावर बसवलेली असेल, तळमजल्याच्या दारात गुडघ्याएवढी अर्धी भिंत घातलेली असेल, तर त्या इमारतीने पूर पाहिलेला आहे. तळमजल्याची फरशी समोरच्या रस्त्यापेक्षा खाली आहे का तेही बघावे, कारण दर डांबरीकरणाला रस्ता उंचावत जातो आणि जुने घर खड्ड्यात जाते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला किंवा इस्त्रीवाल्याला दोनच प्रश्न विचारावेत: २०१५ ला पाणी कुठवर आले होते, आणि २०२३ ला वीज किती दिवस नव्हती? ही माणसे नेमके सांगतात. घर पहिल्या मजल्यावर किंवा वर घ्यावे, आणि जिथे जनित्र तळघरात आहे ते संकुल टाळावे.

मिचाँगच्या वेळी शहरात दुधाचा तुटवडा पडला होता. घरात तान्हे मूल असेल, तर ऑक्टोबर लागताच दुधाची भुकटी, बाळाचे अन्न, नेहमीची औषधे, जलसंजीवनीची पाकिटे आणि पिण्याचे पाणी आठवडाभर पुरेल एवढे साठवावे. इथली जुनी कुटुंबे हे दरवर्षी करतात.

नळाचे पाणी आणि ऊन

पुराच्या बरोबरीने टंचाईही आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प आहेत, पण त्यांचे पाणी शहराला जाते. ओरगडम, पडप्पै, गुडुवांचेरीच्या बऱ्याच वसाहती कूपनलिका आणि टँकरवर चालतात. संकुलाच्या व्यवस्थापकाला विचारावे की मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा घेतात. किनाऱ्याजवळ भूजल खारट होते, आत ते बहुधा जड असते. बाळाच्या अंगावर पुरळ येणे, केस राठ होणे ही जड पाण्याची नेहमीची लक्षणे. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यायला फार खर्च येत नाही, घर ठरवण्याआधी ती करावी. पिण्यासाठी बहुतेक घरांत वीस लिटरचे कॅन येतात. कॅनवर मुद्रा आणि तारीख आहे का ते पाहून घ्यावे आणि बाळासाठी तेही पाणी उकळावे.

उन्हाळा पुण्याच्या माणसाला जड जातो. इथे हवा दमट असते आणि रात्रही गार होत नाही. ४ मेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कडक उन्हाला तमिळ पंचांगात अग्निनक्षत्र म्हणतात, बोलीत कत्तिरी. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की किनाऱ्यावर उकाडा थोडा उतरतो, आतल्या भागात तो वारा उशिरा पोचतो. म्हणूनच उन्हाळ्यात हवामान खात्याच्या मीनंबाक्कमच्या नोंदी नुंगंबाक्कमपेक्षा चढ्या असतात. ओरगडम मीनंबाक्कमहूनही आत आहे. पश्चिमेला खिडक्या असलेली मुलांची खोली नको. वातानुकूलन यंत्राचा खर्चही आधीच धरावा. तमिळनाडूत घरगुती विजेचे बिल दोन महिन्यांचे येते, पहिली १०० युनिटे मोफत असतात आणि वापर ५०० युनिटांच्या वर गेला की दर चढतात. पहिले उन्हाळी बिल पाहून दचकणारे बरेच असतात.

शाळा आणि भाषा

शाळेची निवड घराच्या आधी करावी. चेन्नईत राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि आयसीएसई अशा तिन्ही प्रकारच्या शाळा आहेत. वारंवार बदली होणाऱ्यांना केंद्रीय मंडळ सोयीचे. नोकरी केंद्र सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली असेल तर तांबरमचे केंद्रीय विद्यालय पाहावे. नामांकित शाळांचे बालवाडीचे अर्ज जूनसाठी आदल्या हिवाळ्यातच निघतात, त्यामुळे बदलीची कुणकुण लागताच चौकशी सुरू करावी. केंद्रीय मंडळाच्याही काही शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, काहींचे जूनला. पुण्यात वर्ष संपवून येणाऱ्याला जूनवाली शाळा बरी पडते.

वयाचा घोळ मात्र ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागतात आणि ती ३१ डिसेंबरपर्यंत धरली जातात. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण हवीत. तमिळनाडूच्या राज्य मंडळाच्या शाळांत पाच पूर्ण झालेली मुले पहिलीत असतात. त्यामुळे इथल्या राज्य मंडळाच्या शाळेत मराठी मूल वर्गात मोठे ठरते, आणि वर्षा-दोन वर्षांनी महाराष्ट्रात परतताना इथले पहिलीचे मूल तिथे वयात बसत नाही. तीन वर्षांसाठीच यायचे असेल, तर मुलाला वयाच्या पुढच्या वर्गात ढकलण्याचा मोह टाळावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी काही शाळा मागतात. ती लागणार असेल तर महाराष्ट्रातून निघण्याआधीच घ्यावी, मागाहून ती मिळवणे कटकटीचे असते.

तमिळनाडूत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषा धोरण आहे, आणि २००६ च्या तमिळ शिक्षण कायद्यानुसार तमिळ हा सक्तीचा विषय टप्प्याटप्प्याने लागू झाला आहे. पालकांना याची धास्ती वाटते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ती वाटण्याचे कारण नाही, ते मूल वर्षभरात मैदानावरच तमिळ उचलते. अडचण येते ती चौथी-पाचवीनंतर थेट लिहायला बसणाऱ्या मुलाला. परराज्यातून मध्येच आलेल्या मुलाला तमिळमधून सवलत मिळते का, हिंदी दुसरी भाषा म्हणून घेता येते का, हे प्रवेशाच्या वेळी लेखी विचारावे. सवलत मिळाली तरी तमिळ बोलायला शिकवावे. वर्गातल्या मुलांत मिसळायला तेच लागते.

पाळणाघर किंवा बालवाडीत घालण्याआधी मुलाला पाच-सहा शब्द घरी शिकवून ठेवावेत. तण्णी म्हणजे पाणी. पसिक्किदु, भूक लागली. पोदुम, पुरे. वेण्डाम, नको. वलिक्किदु, दुखतंय. सांभाळणाऱ्या बाईंना मुले अक्का म्हणतात. शौचाला जायचे आहे हे सांगण्याचा मुलाचा मराठी शब्द आणि हातवारा त्या अक्कांना आईने स्वतः करून दाखवावा. पहिल्या महिन्यात मुले दिवसभर लघवी रोखून धरतात किंवा पाणीच पीत नाहीत, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की त्यांना सांगता येत नाही. डब्यात भात जास्त येतो आणि तयिर सादम, म्हणजे आपला दहीभात, बहुतेक मुलांना लगेच आवडतो. ज्वारीला इथे चोळम आणि बाजरीला कंबु म्हणतात, दोन्हीची भाकरी घरी थापता येते.

मराठीचे काय, हा प्रश्न घरातच सुटतो. चेन्नईत आणि तंजावरच्या परिसरात सतराव्या शतकापासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केल्यानंतर आलेल्या या कुटुंबांपैकी कित्येकांनी शाळेत मराठी नसताना साडेतीनशे वर्षे घरात आपली मराठी टिकवली, कारण ती स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलली जात राहिली. तीन-चार वर्षांच्या बदलीसाठी तेवढे पुरते. वाचनासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे, १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आजी-आजोबांचा रोजचा फोन आणि झोपताना एक मराठी गोष्ट, हा नेम मोडू देऊ नये.

डॉक्टर

नेहमीच्या आजारांसाठी राहत्या भागातला बालरोगतज्ज्ञ पहिल्या आठवड्यातच गाठावा आणि लसीकरणाचे कार्ड त्याच्याकडे नोंदवावे. मोठ्या आजारासाठी पोत्तेरीचे एसआरएम, तंडलमचे सविता आणि चेंगलपट्टूचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ही इस्पितळे ओरगडमच्या टप्प्यात आहेत. एग्मोरची सरकारी बालआरोग्य संस्था आणि नुंगंबाक्कमचे कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट इस्पितळ ही खास मुलांसाठीची, पण तिथवर जायला गर्दीच्या वेळी दोन तास धरावे लागतात. रुग्णवाहिकेचा क्रमांक महाराष्ट्रातल्यासारखाच १०८. पावसाबरोबर डेंग्यू येतो, ऑक्टोबर ते जानेवारीत मुलाचा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासावे.

आजारांइतकीच काळजी रस्त्याची घ्यावी. वंडलूर–वालाजाबाद रस्त्यावर रात्रंदिवस ट्रेलर धावतात. मुलाला दुचाकीवरून नेताना नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी शिरस्त्राण आणि बांधून ठेवणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. या रस्त्यावर मुलाला दुचाकीवर न नेणे हेच खरे.

समुद्र

कोकणात वाढलेल्यांनी इथल्या समुद्राशी घरोबा धरताना सावध असावे. कोकणात भरती-ओहोटीत पाणी खूप मागे-पुढे होते, ओहोटीला लांबवर उथळ पुळण उघडी पडते. चेन्नईला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचाच असतो, किनारा चटकन खोल होतो आणि लाट पायाशीच फुटते. मरीनावर समुद्रस्नानाला बंदी आहे आणि तिथे दरवर्षी माणसे बुडतात. मुलांना पाण्यात घोट्यापुढे जाऊ देऊ नये. बेझंट नगरचा इलियट्स बीच आणि २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मिळालेला कोवळमचा किनारा मुलांना न्यायला बरे. इथे सूर्य समुद्रातून उगवतो, त्यामुळे जायची वेळ पहाटेची. जानेवारी ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि कासवसंरक्षण करणारे विद्यार्थी रात्री लोकांना सोबत घेऊन किनारा चालतात, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा अनुभव जरूर द्यावा. धाकट्यांसाठी वंडलूरचे प्राणिसंग्रहालय आणि वडनेम्मेलीचे १९७६ पासूनचे मगरउद्यान आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची आठवण किनाऱ्यावरच्या वस्त्यांत अजून ताजी आहे. पूर्व किनारा रस्त्यावर राहायचेच असेल, तर उंच जागेकडे जाणारा रस्ता मुलांनाही माहीत असावा.

सुट्ट्या, करार आणि जाण्याची वेळ

महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी लांबलचक असते, तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः नरकचतुर्दशीच्या एका दिवसाची. मोठ्या सुट्ट्या सप्टेंबरअखेरच्या तिमाही परीक्षेनंतर, नाताळात, जानेवारीच्या मध्यात पोंगलला आणि उन्हाळ्यात मिळतात. दिवाळीला गावी जायचे तर मुलाची शाळा बुडते, हे आजी-आजोबांनाही आधी सांगून ठेवावे. मुंबई–चेन्नई गाड्या पुणे, सोलापूर मार्गे जातात. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते आणि पोंगलच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात.

चेन्नईत घरमालक पूर्वी दहा महिन्यांचे भाडे अनामत मागत. २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या भाडेकरू कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. म्हणूनच करारातले अनामतीचे कलम सही करण्याआधी नीट वाचावे. करार लेखी करून भाडे प्राधिकरणाकडे नोंदवावा. काही मालक फक्त शाकाहारी भाडेकरू ठेवतात, ते पहिल्याच फोनवर विचारून मोकळे व्हावे. पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय इथल्या कुठल्याही गल्लीची खात्री देता येत नाही.

शक्य असेल तर नोकरी करणाऱ्याने ऑक्टोबरात एकट्याने रुजू व्हावे, कंपनीच्या अतिथिगृहात किंवा सहकाऱ्याबरोबर राहावे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मनात भरलेल्या दोन-तीन वसाहतींत पायी फिरून यावे. शाळेचा अर्ज त्याच महिन्यांत भरता येतो. भाड्याचा करार एप्रिलमध्ये करावा आणि मुलांचे वर्ष संपल्यावर मेच्या अखेरीस, अग्निनक्षत्राचा कडक उन्हाळा ओसरताना, कुटुंबाला आणावे. मग जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मुलांना घर, पाणी आणि शेजारची मुले यांची सवय व्हायला दोन आठवडे मिळतात, आणि पहिल्या मोठ्या पावसाला अजून चार महिने असतात.